डबा फोडण्याची विद्या

आमच्या मोताळा तालुक्यात रोहिणखेड नावाचं एक जुनं गाव आहे. १४३७ मध्ये तिथं बहामनींच्या फौजेनं खानदेशच्या नासिरखानाचा पराभव केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याच परिसरात आणखी एक लढाई झाली आणि अहमदनगरच्या निजामशाहीची गादी कुणाकडे जायची, ते तिथं ठरलं. १५८२ मध्ये खुदावंतखान महदवीनं बांधलेली मशीद आजही तिथं आहे. शाळेत इतिहास शिकवत होतो, तेव्हा मी मुलांना रोहिणखेडला घेऊन जात असे. मुलं सनावळ्या वहीत उतरवून घेत. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, या सैनिकायच्या भाकरी कोन करे?"

प्रश्न साधा होता, पण बखरीत किंवा तवारिखेत त्याचं उत्तर सापडत नाही. लढाई कुणी जिंकली ते लिहिलेलं असतं. त्या रात्री चूल कशी पेटवली, पीठ कुणी दळलं, भांडी कुणी घासली, हे कुणी लिहून ठेवत नाही. कारण ते सगळ्यांनाच येत होतं. जे सगळ्यांना येतं, ते कुणी नोंदवत नाही. आणि नोंदवलेलं नसल्यामुळे ते कधी नाहीसं झालं, तेही कळत नाही. मंडळी, आज मला बोलायचंय ते अशा नाहीशा होणाऱ्या, हाताला येणाऱ्या गोष्टींविषयी. सुरुवात एका अगदी क्षुल्लक वस्तूपासून करतो. ती म्हणजे पत्र्याचा डबा उघडायचा टिन कटर.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे होते. आंब्याचा हंगाम सरत आला होता, म्हणून आमरसाचा हवाबंद डबा आणला. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला पुतण्याचा मुलगा म्हणाला, मी उघडतो. फडताळातला जुना टिन कटर त्याच्या हाती दिला. त्यानं तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, डब्याच्या कडेवर ठेवून दाबला. डबा घसरला, पण पत्र्याला ओरखडाही आला नाही. शेवटी पलंगावर बसलेल्या आमच्या काकू म्हणाल्या, "काऊन रे बापू, येवढा शिकला अन् डबा नाई फुटत तुह्याच्यानं? आन इकडं." पंच्याऐंशीच्या घरातल्या काकूंनी डबा मांडीजवळ घेतला आणि पाहता पाहता झाकण उघडून दिलं.

मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. पात्याचं टोक त्यांनी डब्याच्या कडेच्या आत बरोबर टेकवलं. मुठीवर तळहाताचा एकच ठोसा मारला. पातं आत गेल्यावर कटरची खाच कडेला अडकवली आणि मूठ नुसती वर उचलली. पत्रा कापला गेला. मग कटर बोटभर पुढे, पुन्हा उचल. उजवा हात कटर चालवत होता आणि डावा हात डबा फिरवत होता. शेवटी बोटभर पत्रा त्यांनी मुद्दाम कापायचा ठेवला. झाकण तिथं बिजागरीसारखं वर उचललं गेलं आणि रसात पडलं नाही. शाळेत आपण तरफेचा नियम शिकतो. आधार कुठे, बल कुठे, भार कुठे, याची आकृती काढून त्या मुलानं पूर्ण गुण मिळवले असतील. काकू शाळेत चार इयत्तासुद्धा शिकल्या नव्हत्या, पण तरफ त्यांच्या मनगटात होती.

आता या डब्याचा इतिहास पाहू. तो मोठा गमतीचा आहे. फ्रान्समध्ये निकोलस आपेर नावाचा एक हलवाई होता. अन्न काचेच्या बरणीत घालून, बूच घट्ट बसवून बरणी उकळली तर ते महिनोन्‌महिने टिकतं, हे त्यानं प्रयोगानं शोधून काढलं. सैन्यासाठी अन्न टिकवण्याची गरज फ्रेंच सरकारला होतीच. १८१० मध्ये त्याला बारा हजार फ्रँकचं बक्षीस मिळालं. अन्न का टिकतं, हे मात्र त्याला सांगता आलं नाही. जंतूंचा तो उलगडा पुढे लुई पाश्चरनं केला. म्हणजे इथंही आधी हाताला समजलं, डोक्याला नंतर. त्याच १८१० मध्ये इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडनं पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं आणि दोन-तीन वर्षांत ब्रायन डाँकिन आणि जॉन हॉल यांच्या कारखान्यातून असे डबे इंग्लंडच्या आरमाराला जाऊ लागले.

डबा निघाला, पण तो उघडायचं साधन निघालं नाही! ते डबे जाड लोखंडी पत्र्याचे असत. १८२४ च्या सुमाराला पॅरीच्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेबरोबर गेलेल्या डब्यावर तर सूचनाच होती की, छिन्नी आणि हातोडीनं वरून कापावा. सैनिक संगिनीनं डबे फोडत. डबा उघडण्यासाठी खास हत्यार इंग्लंडमध्ये रॉबर्ट येट्सनं १८५५ मध्ये काढलं, अमेरिकेत एझ्रा वॉर्नरनं १८५८ मध्ये. चाक फिरवून कापणारं हत्यार १८७० मध्ये विल्यम लायमननं काढलं. म्हणजे डबा आणि डबा उघडायचं साधन यांच्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं अंतर पडलं. तेवढी वर्षं लोकांनी काय केलं? हाती जे होतं, त्यानं काम भागवलं. हातोडी, छिन्नी, सुरी आणि अंगवळणी पडलेली युक्ती.

आता तुम्ही म्हणाल, हे विलायतेतलं झालं, मोताळ्यात डबा कुठून आला? तो आला रेल्वेतून. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आमचा वऱ्हाडी कापूस हवासा झाला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा खास कापसासाठी सुरू झाला. मोताळा हे मलकापूरहून बुलढाण्याला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. मलकापूरला उतरलेला माल बैलगाडीवर चढायचा आणि मोताळ्यावरून राजूरचा घाट चढून बुलढाण्याकडे जायचा. इकडून कापसाच्या गाठी गेल्या आणि तिकडून आला घासलेटचा डबा.

घासलेट या शब्दाचं मूळ गॅसलाइट या इंग्रजी शब्दात आहे, असं सांगतात. दुसरा शब्द रॉकेल. तो रॉक ऑइलवरून आला. हे तेल आधी अमेरिकेतून, मग रशियातून, पुढे ब्रह्मदेशातून येऊ लागलं. १९२८ मध्ये बर्मा-शेल कंपनी निघाली आणि तिचं नाव खेड्यापाड्यांत पोचलं. १९७६ मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढे ती भारत पेट्रोलियम झाली. साधारण अठरा लिटरचा, चौकोनी, पत्र्याचा डबा हा त्या सगळ्या काळाचा साक्षीदार. त्याआधी घरात तिळाच्या, करडईच्या, एरंडीच्या तेलाचे दिवे असत. घासलेट आलं आणि संध्याकाळ लांबली.

हा चौकोनी डबा उघडायचीही एक रीत होती. ती आमच्या भागातल्या किराणा दुकानदाराला अजून येते, कारण खाद्यतेलाचा पंधरा किलोचा डबा अजून तसाच येतो. नवशिका माणूस खिळा ठोकून एकच भोक पाडतो आणि डबा वाकडा करतो. तेल भक्‌-भक्‌ करत येतं, उसळतं, निम्मं जमिनीवर जातं. जाणता माणूस दोन भोकं पाडतो. एका कोपऱ्यात मोठं, तेलासाठी. समोरच्या कोपऱ्यात बारीक, हवेसाठी. मग तेलाची धार दोऱ्यासारखी सरळ पडते. हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. पण ते कुणी कुणाला समजावून सांगत नसे. दुकानात काम करणाऱ्या पोरानं मालकाचा हात पाहायचा, एकदा तेल सांडून बोलणी खायची आणि शिकायचं.

डबा रिकामा झाला की त्याचा दुसरा जन्म सुरू होई. वरचा पत्रा कापून, आडवी काठी बसवली की पाण्याचा डबा तयार. कावडीला दोन बाजूंना दोन डबे टांगून लोक विहिरीवरून पाणी भरत. गळका डबा डाख लावून झाळला जाई. अगदीच गेला तर तो उघडून, ठोकून सपाट करून त्याचा पत्रा छपराला, कुडाला, कोंबड्यांच्या खुराड्याला लागे. उरल्या तुकड्यांतून कारागीर चाळणी, नसराळं, चिमणी करत. चिमणी म्हणजे घासलेटची छोटी उघडी बत्ती. ज्या डब्यातून घासलेट आलं, त्याच डब्याच्या पत्र्यातून ते जाळायचा दिवा! १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. डालड्याच्या रिकाम्या डब्यांत डाळ राहू लागली, पीठ राहू लागलं, दारापुढची तुळससुद्धा त्यात लागली. कचरा हा शब्द होता, पण पत्र्याच्या डब्याला तो लागू नव्हता.

आता मी तुम्हाला एक नातं दाखवणार आहे, ते सहसा लक्षात येत नाही. हा हवाबंद डबा लोखंडाचा असतो, पण त्याला आपण टिनचा डबा म्हणतो. का? कारण लोखंडाच्या पत्र्यावर टिनचा, म्हणजेच कथलाचा पातळ थर दिलेला असतो. नुसतं लोखंड गंजतं, आंबट पदार्थ त्याला खातो. कथील मध्ये आलं की अन्न आणि लोखंड यांची गाठ पडत नाही. आता आठवा, आपल्या घरात कथील कोण आणत होतं? कल्हईवाला! तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा थर देणं म्हणजेच कल्हई. ज्या युक्तीवर विलायतेतला डब्याचा कारखाना उभा राहिला, तीच युक्ती आमच्या गल्लीत भाता घेऊन बसलेल्या माणसाच्या हातात होती, आणि ती पुष्कळ जुनी होती. कल्हई हा शब्दही अरबी भाषेतून आलेला. कथील पूर्वेकडून, मलायाच्या बाजूनं समुद्रमार्गे यायचं, त्या व्यापाराची खूण या शब्दात आहे.

कल्हईवाला आला की मुलांचा घोळका जमे. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसे, खड्ड्याला जोडलेली भात्याची नळी. भांडं आधी चिंचेनं, वाळूनं खरवडून लख्ख करायचं. काही कारागीर मोठ्या पातेल्यात उभे राहून, पायानं गिरक्या घेत ते घासत. मग भांडं विस्तवावर फिरवत तापवायचं. किती तापलं, ते मोजायला काही साधन नव्हतं. डोळ्यांनीच अंदाज घ्यायचा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. भांडं कमी तापलं तर कथलाच्या गुठळ्या होतात, जास्त तापलं तर ते काळवंडतं. योग्य वेळ आली की नवसागराची पूड टाकायची. भस्सकन पांढरा धूर, नाकात झिणझिण्या. नवसागर धातूवरची काजळी खाऊन टाकतो, म्हणून कथील नीट बसतं. मग कथलाची कांडी भांड्याला टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते सरसर फिरवायचं. आमच्या कापसाच्या मुलखात बोळ्याला तोटा नव्हता! शेवटी भांडं पाण्यात. चर्रर्र आवाज आणि आरशासारखी चमक.

ही चमक दिसायला छान, पण ती शोभेसाठी नव्हती. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेचं सार किंवा आंबट वरण राहिलं तर ते कळकतं. कळकलेलं अन्न पोटाला बाधतं. म्हणून कुठल्या भांड्याची कल्हई गेली, कुठल्या भांड्यात काय ठेवायचं नाही, हे घरातल्या बाईला पाठ असे. आता कळकणे हे क्रियापदच मुलांना ठाऊक नाही. भांड्याबरोबर शब्दही गेला. स्टेनलेस स्टील आलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सेलमचा कारखाना सुरू झाला, स्टीलचा पत्रा देशातच होऊ लागला. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या बाया दारोदार फिरू लागल्या. बायकांनी हौसेनं पितळ मोडीत काढलं. त्यांचं काय चुकलं? स्टील घासायला हलकं, कल्हईचा खर्च नाही, अन्न कळकायची भीती नाही. मात्र त्यात एक संपूर्ण धंदा बुडाला. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला, त्यात गावच्या कारागिरांची व्यवस्था बारकाईनं नोंदवली आहे. त्यातली किती माणसं आता त्या कामावर उरली, हे वाचकांनी आपल्याच गावात मोजून पाहावं.

इथं थोडं थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जुनं ते सोनं म्हणत उसासे टाकणं सोपं आहे, विशेषतः ज्यानं ते काम स्वतः केलेलं नाही, त्याला. जात्याचंच बघा. पहाटे चारला उठायचं, जात्यात मूठ मूठ ज्वारी वैरायची, खुंटा धरून दोन-दोन तास फिरवायचं. तेही रोज, बाळंतपण झाल्यावर काही दिवसांतच पुन्हा. गावात पिठाची चक्की आली, त्या दिवशी बायकांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. 'जातं बंद झालं याचं वाईट वाटतं का?' असं मी काकूंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "वाईट काऊन वाटन? सुटली बाप्पा!"

पण जात्याबरोबर आणखी एक गोष्ट होती. दळता दळता बायका ओव्या गात. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, पाऊस, कर्ज, सगळं त्यात येई. जे कुणाजवळ बोलता येत नसे, ते जात्याजवळ बोलता येई. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइटव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. गी पॉइटव्हाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये गेल्या. पण तो ठेवा टिकला आणि आता 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहामार्फत लोकांपुढे येतो आहे. या दोघांनी जातं पुन्हा सुरू करा असं सांगितलं नाही. त्यांनी जात्यावर बसलेल्या बाईचं ऐकलं. मला वाटतं, जुन्या गोष्टींकडे पाहायची खरी रीत हीच आहे.

जात्याची आणखी एक बाजू. दगड झिजला की पीठ जाडं येऊ लागे. मग टाकी लावणारा पाथरवट बोलवायचा. छिन्नीनं तो दगडाला पुन्हा बारीक खाचा पाडून द्यायचा. जातं केव्हा टाकी मागतंय, ते कानाला कळे. आवाज बदलला की घरातली म्हातारी ओसरीवरून म्हणे, जातं गुळगुळीत झालं. तुरीची डाळ भरडताना दोन दगडांत किती फट ठेवायची, पाण्याचा हात किती लावायचा, हे बोटांचं गणित होतं. चुकलं तर डाळीचा चुरा.

आता स्टोव्ह. १८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टनं प्रायमस स्टोव्ह काढला आणि तो जगभर गेला. आपल्याकडे शहरात तो आधी आला, मोताळ्यासारख्या ठिकाणी नोकरदारांच्या घरांत नंतर. स्टोव्ह पेटवणं ही पायरीपायरीची कला होती. आधी वाटीत थोडं तेल टाकून काकडा पेटवायचा, नळी तापू द्यायची, मग चावी बंद करून पंप मारायचा. नळी तापायच्या आत पंप मारला की पिवळ्या ज्वाळा छपरापर्यंत. छिद्रात काजळी अडकली की पिन मारायची. पिन मोडली की स्वयंपाक अडला. निळी ज्योत आणि तो घूंऽऽ आवाज ही स्वयंपाक सुरळीत चालल्याची खूण.

पण स्टोव्हच्या इतिहासाचं एक काळं पान आहे आणि ते वगळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी माझ्या पिढीनं वर्तमानपत्रात इतक्या वेळा वाचली की ती वाचायची सवय झाली होती. काही वेळा तो खराच अपघात असे. स्वस्त स्टोव्ह, भेसळीचं घासलेट, नायलॉनची साडी. पण प्रत्येक वेळी भडका नव्या सुनेच्याच अंगावर कसा उडतो, सासूच्या का नाही, हा प्रश्न स्त्री संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. त्यातून १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८ अ आलं आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम ३०४ ब. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण या तरतुदी तिथंही आहेत. तेव्हा जुन्या स्वयंपाकघराची आठवण काढताना या बायकांची आठवण काढली पाहिजे. स्टोव्ह गेला याचं मला दुःख नाही. गॅस घरोघरी जावा, यासाठी २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, हे चांगलंच झालं.

मग गमावलं काय? आपण पुन्हा त्या डब्याकडे येऊ. अमेरिकेत एर्मल फ्रेझ नावाचा एक गृहस्थ १९५९ मध्ये सहलीला गेला आणि डबा उघडायचं साधन घरी विसरला. गाडीच्या बंपरवर डबा फोडावा लागला, असं सांगतात. त्यातून त्यानं झाकणालाच ओढायची कडी बसवली आणि १९६३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आज शीतपेयाच्या डब्यावर दिसते, ती या कडीचीच सुधारलेली बहीण. बोट घाला, ओढा, झालं. काकूंच्या मनगटात जे कसब होतं, ते कारखान्यानं झाकणात घालून दिलं. कसब नाहीसं झालं नाही, ते माणसाच्या हातातून वस्तूत गेलं. पिठाचं कसब चक्कीत गेलं, कल्हईचं स्टीलच्या कारखान्यात, वातीचं विजेच्या बटणात.

याचा फायदा आपण सगळे घेतो आणि तो सोडायची माझी तयारी नाही. पण या बदलाची किंमत घरातलं एक माणूस मोजतं, तिकडे आपलं लक्ष जात नाही. पूर्वी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय पान हलत नसे, याचं कारण नुसता आदर नव्हता. त्यांना येत होतं आणि इतरांना येत नव्हतं, हेही होतं. लोणच्याला मीठ किती, जात्याला टाकी कधी, कंदिलाची वात कशी कापायची म्हणजे काच काळी होत नाही, हे त्यांना विचारावं लागे. आता नातवंडं आजोबांना मोबाइल शिकवतात. शिकवणारा आणि शिकणारा यांची जागा अदलाबदल झाली. ज्या माणसाला सत्तर वर्षं येत होतं, त्याला एकाएकी काहीच येईनासं झालं. मी अशी माणसं रोज बघतो. मलकापूरच्या एस.टी.त एकदा शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. बोलता बोलता कळलं, कल्हईचं काम करायचे. मी नवसागर कुठला वापरत होता, असं विचारलं आणि मोताळा येईपर्यंत ते बोलत राहिले. उतरताना म्हणाले, "मास्तर, पंधरा वर्सात कोनी इचारलं नोतं."

पुण्याचे डॉ. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारापासून अडकित्ते, दिवे, दऊती, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि राजा या आपल्या मुलाच्या नावानं संग्रहालय उभं केलं. वीस हजारांच्या आसपास वस्तू तिथं आहेत. रोजच्या वस्तूंनाही इतिहास असतो, हे महाराष्ट्राला त्या गृहस्थांनी शिकवलं. प्रत्येकानं एकदा तरी ते पाहावं. मात्र अडकित्ता काचेच्या कपाटात ठेवता येतो, सुपारी कातरणारा हात ठेवता येत नाही. तो हात ज्याचा आहे, तो माणूस असेपर्यंतच ते पाहता येतं. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचं गॅझेटियर १९१० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात पिकं, बाजार, रस्ते यांची माहिती आहे. पण दोन भोकं पाडून तेल कसं काढायचं, ते अशा पुस्तकात येत नाही. ते लिहायचं काम आपलं आहे, आणि त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही.

याची कधी गरज पडेल का, असंही कुणी विचारील. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनामुळे रोज तासन्‌तास वीज नसे. तेव्हा माळ्यावरचे कंदील खाली आले आणि काच राखेनं पुसायची कशी, वात सरळ कापून तिचे कोपरे किंचित गोल करायचे कसे, हे तरुण सुनांनी सासवांना विचारलं. चक्की बंद राहिली, तेव्हा काही घरांत जात्यावरची धूळ झटकली गेली. ती वेळ निघून गेली. पुन्हा आली तर विचारायला ती माणसं असतील का, एवढाच प्रश्न आहे. जगाच्या पाठीवरच्या सैन्यांनीही हे ओळखलं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकन सैन्यानं दोन इंचांहून लहान, घडीचा डबा उघडायचा पत्रा काढला. सैनिक तो गळ्यात अडकवून ठेवत. यंत्र बंद पडलं तरी हातानं जेवता आलं पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

शाळांमध्ये कार्यानुभव नावाचा तास असतो. त्यात मुलं बहुधा कागदाची फुलं करतात. त्यातला महिन्यातला एक तास गावातल्या वयस्क माणसांना द्यावा, अशी माझी सूचना आहे. एकीनं सुपात धान्य पाखडून दाखवावं, एकानं दोरी वळून दाखवावी, एखाद्यानं नुसता डबा उघडून दाखवावा. मुलांनी ते करून पाहावं आणि वहीत लिहावं. कोणतं हत्यार, त्याला आपल्या गावात काय म्हणतात, हात कसा धरायचा, चूक कशी होते. शब्द मोताळ्यातले असतील तर ते तसेच लिहावेत, पुस्तकी करू नयेत. आता प्रत्येकाच्या खिशात चित्रीकरणाचं यंत्र आहे. लग्नाच्या मिरवणुकीचं तासभर चित्रण करतो, तर आजीच्या हाताचं पाच मिनिटं करायला काय हरकत आहे?

काकू गेल्या वर्षी वारल्या. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांना माणसं नीट ओळखू येत नव्हती, पण समोर तुरीच्या शेंगा ठेवल्या की बोटं आपोआप त्या सोलायला लागत, आणि एकही दाणा फुटत नसे. म्हणून वाचकांना एकच विनंती. आज रविवार आहे, घरातली माणसं घरी असतील. सगळ्यांत वयस्क माणसाजवळ बसा आणि विचारा की, तुमच्या हाताला असं काय येतं, जे आम्हाला येत नाही? उत्तर आलं की नुसतं ऐकू नका. ती वस्तू शोधून आणा, त्यांच्या हातात द्या आणि करून दाखवा म्हणा.